मर्दनातील वेदना आणि अपेक्षेचा वाटा

मालीश जितके दुखेल तितके गुणकारी, हा समज रुग्णांइतकाच मालीश करणाऱ्यांतही रूढ असून ‘थोडे सोसा, गाठ सुटते आहे’ हे नेहमीचे वाक्य त्यातूनच आले आहे. त्याच्या समर्थनार्थ असे सांगितले जाते की, वेदना हे दाबाचे माप आहे, आणि सोसणाऱ्याला पुढे खरोखरच हलके वाटते. यातील दुसरे विधान पुष्कळदा खरे असते. पहिले मात्र टिकत नाही.

प्रसूतीसाठी आलेल्या १४० स्त्रियांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात, कण्याजवळ भूल देण्यापूर्वी त्वचा बधिर करणारी सुई टोचताना काहींना ‘मोठी मधमाशी डसल्यासारखे वाटेल’ असे, तर इतरांना ‘जागा बधिर होईल, तुम्हांला त्रास जाणवणार नाही’ असे सांगितले गेले. सुई तीच असूनही दहापैकी वेदनेचा मध्यक पहिल्या गटात ५, तर दुसऱ्यात ३ आला. वाईटाच्या अपेक्षेने वेदना वाढण्याच्या या परिणामास ‘नोसिबो’ म्हणतात.

यावर, मग वेदना केवळ मनाचे खेळ ठरतात, असा आक्षेप घेणे चुकीचे आहे. कारण दात काढलेल्या रुग्णांना निष्क्रिय औषधाने मिळालेला आराम, अफूवर्गीय द्रव्यांचा परिणाम रोखणाऱ्या नॅलोक्सोनने मावळतो, असे लेव्हिन, गॉर्डन व फील्ड्स यांनी १९७८ मध्येच दाखवले होते. अपेक्षा शरीरातच काम करते.

बेनेदेत्ती व सहकाऱ्यांचा २०१३ चा प्रयोग तर मालीशच्या अगदी जवळचा आहे. हाताचा रक्तपुरवठा आवळपट्टीने रोखल्यावर होणारी वेदना स्नायूंना हितकर आहे, असे ज्यांना सांगितले गेले त्यांनी ती अधिक सोसली. म्हणजे सोसण्याचे बळ वेदनेला दिलेल्या अर्थातून आले. स्नायूला लाभ झाला, असे त्यातून मुळीच सिद्ध होत नाही. उलट, हीच श्रद्धा शरीराची सूचना दडपते, आणि अतिजोराच्या मालीशनंतर स्नायुपेशी फुटून मूत्रपिंडांवर ताण आल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात आहेत.

म्हणून मालीश करणाऱ्याचा शब्द हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे. त्याने खोटा दिलासा देऊ नये, पण भीतीही पेरू नये, ‘दुखते का?’ याऐवजी ‘दाब कसा वाटतो?’ असे विचारावे, दाबाचे प्रमाण रुग्णाला ठरवू द्यावे, आणि त्याने ‘थांबा’ म्हणताच हात थांबवावा.