रंगांची परीक्षा नको, ओळख हवी

घरी पाहुणे आले की बऱ्याच घरांत एक छोटासा कार्यक्रम ठरलेला असतो. अडीच-तीन वर्षांच्या चिमुरड्याला समोर उभे केले जाते आणि आई कौतुकाने म्हणते, "सांग बरं मावशीला, हा फुगा कोणत्या रंगाचा?" मूल फुग्याकडे पाहते, आईकडे पाहते आणि हिरव्या फुग्याला खुशाल 'लाल' म्हणून मोकळे होते. पाहुणे हसतात, आई ओशाळते. पाहुण्यांची पाठ वळली की "शंभरदा शिकवलं, तरी लक्षात कसं राहत नाही?" म्हणून उजळणी सुरू होते. चार-पाच वेळा असे झाले की रंगाचे नाव काढताच मूल तोंड फिरवू लागते.

खरे तर यात मुलाचे काहीच चुकलेले नसते. रंग दिसणे आणि रंगाचे नाव सांगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चार-पाच महिन्यांच्या बाळालाही रंगांतला फरक चांगला दिसतो. नावे मात्र बहुतेक मुलांना तीन ते चार वर्षांच्या दरम्यान नीट सांगता येऊ लागतात. कारण 'चेंडू' हातात धरता येतो, 'लाल' धरता येत नाही. चेंडू लाल, टोमॅटो लाल, ताईची रिबनही लाल! मग लाल म्हणजे नेमके काय? हा गुंता सुटायला वेळ लागतो. थोर शास्त्रज्ञ चार्ल्स डार्विन यांची मुले लहानपणी रंगांची नावे इतकी चुकत की, ती रंगांध आहेत की काय, अशी शंका खुद्द डार्विन यांना आली होती. ती शंका निराधार होती, हेही त्यांनी १८७७ साली लिहून ठेवले.

आधी जोड्या, मग नावे

म्हणून सुरुवात प्रश्नाने करू नका, खेळाने करा. कपडे वाळत घालताना रंगीत चिमटे मुलापुढे ठेवा आणि "याच्यासारखे अजून शोध" म्हणा. एका वेळी दोनच रंग घ्या. ते पक्के झाले की तिसरा. बोलतानाही आधी वस्तू, मग रंग असा क्रम ठेवा. "हा चेंडू लाल आहे, ही वाटीसुद्धा लाल आहे."

या बाबतीत आपली भाषा मोठी उदार आहे. जांभळाचा जांभळा, पोपटाचा पोपटी, राखेचा राखाडी, लिंबाचा लिंबू रंग, डाळिंबाचा डाळिंबी, मोराच्या पिसांचा मोरपंखी. भाजी निवडताना, फळे कापताना ही नावे सहज कानावर पडली की वेगळी शिकवणी लागत नाही.

मिसळण्याची गंमत

चार वर्षांच्या आसपास मिश्रणाचा खेळ सुरू करावा. तीन पांढऱ्या वाट्या, पाणी, एक चमचा आणि खाण्याचे रंग एवढे पुरे. एका वाटीत पिवळे पाणी, दुसरीत निळे. तिसरीत आधी पिवळे घ्या आणि त्यात निळ्याचा एकेक थेंब मुलालाच टाकू द्या. फिका रंग आधी, गडद रंग नंतर, ही युक्ती लक्षात ठेवा. उलट केल्यास निळ्यात कितीही पिवळे ओतले तरी हिरवा लवकर उमटत नाही. "आता काय होईल?" एवढेच विचारा. उत्तर वाटी देईल.

पाण्याचा पसारा नको असेल, तर कणकेचे दोन गोळे मळा. एक हळदीचा, एक बिटाच्या रसाचा. दोन्ही एकत्र मळले की नारिंगी छटा येते. रांगोळीतही पिवळी आणि निळी पूड मिसळून पाहावी. लांबून हिरवी दिसते, जवळ गेले की पिवळे-निळे कण वेगळे ओळखू येतात. मुलांना याचे भारी नवल वाटते.

हळदीच्या पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की ते लालसर होते आणि वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळे! हे मात्र रंगांचे मिश्रण नव्हे, रासायनिक बदल आहे. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात, त्यामागेही हेच रहस्य आहे. चुना डोळ्यांना घातक असल्याने तो मुलांच्या हाती देऊ नये.

आणखी एक काळजी घ्या. दारे-खिडक्या रंगवून उरलेला ऑइलपेंट खेळायला देऊ नका. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावे, असा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला. त्याआधीच्या डब्यांचा काय भरवसा?

जांभळा का जमत नाही?

शाळेत जाणारी मुले तक्रार करतात, "बाईंनी सांगितलं लाल आणि निळा मिळून जांभळा, पण माझा तर मातकटच होतो!" दोष मुलाचा नाही, डबीतल्या लाल रंगाचा आहे. शेंदरी छटेच्या लालमध्ये पिवळ्याचा अंश असतो. त्यात निळा पडला की तिन्ही रंग एकत्र येतात आणि तपकिरी होतो. 'क्रिमसन' म्हणजे किरमिजी लाल आणि 'अल्ट्रामरीन' निळा घेतला, तर सुरेख जांभळा मिळतो. ताज्या हिरव्यासाठी 'लेमन यलो' आणि 'प्रशियन ब्लू' वापरावा.

आणि सगळे रंग एकत्र करून मुलाने चिखल केलाच, तर "सगळे रंग वाया घालवलेस" म्हणून ओरडू नका. खोडाला, मातीला, घोड्याला तोच तर रंग लागतो!

शंका आलीच तर

पाच वर्षे झाली, नावे पाठ आहेत, तरी मूल झाडाची पाने तपकिरी रंगवते, हिरव्या पानांतली लाल फळे त्याला चटकन दिसत नाहीत, असे वारंवार घडत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावे. लाल-हिरव्याची गल्लत करणारी रंगांधता आनुवंशिक असते आणि मुलींपेक्षा मुलांत कितीतरी अधिक आढळते. बरेचदा ती आजोबांकडून आईमार्फत नातवाकडे येते. आईला स्वतःला मात्र सहसा सगळे रंग नीट दिसतात. तपासणी सोपी असते. जपानी डॉक्टर शिनोबू इशिहारा यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या रंगीत ठिपक्यांच्या तक्त्यांतले आकडे ओळखायचे. ज्यांना आकडे वाचता येत नाहीत, त्यांनी ठिपक्यांतली वाट बोटाने गिरवायची.

या जन्मजात दोषावर औषध नाही, पण त्याचा बुद्धीशी काडीचाही संबंध नाही. खडूंवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वर्गशिक्षिकेला कल्पना दिली की निम्मी अडचण दूर होते. रेल्वे इंजिनचालक किंवा वैमानिक होताना रंगदृष्टी तपासली जाते, तेव्हा हे बालपणीच कळलेले बरे. ऐन विसाव्या वर्षी स्वप्न मोडण्यापेक्षा वेळीच दुसरी वाट निवडता येते. एरवी घाबरण्याचे कारण नाही. सौम्य ते मध्यम रंगांधता असलेल्यांना वाहन परवाना देण्याची सोय २०२० साली नियमातही झाली आहे.

तेव्हा रंग शिकवण्याची घाई नको. मुलाच्या हाती वाटी-चमचा द्यावा, खाली जुने वर्तमानपत्र अंथरावे आणि शेजारी बसून पाहावे. हात रंगले तर साबणाने निघतात. "तुला काही येत नाही" हा शब्द मात्र लागला की सहजी निघत नाही.