जोडपदवी की जोडविद्या?

दहावीचा निकाल लागला की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत एकच खल सुरू होतो : मुलाला कोणत्या शाखेला घालावयाचे? गुण भरघोस असतील तर विज्ञान, बेताचे असतील तर वाणिज्य, आणि दोन्हीकडे दारे बंद झाली तर कला, अशी शाखांची एक वर्णव्यवस्थाच आमच्या समाजाने निर्माण करून ठेविली आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी भिंतीच्या ज्या बाजूस विद्यार्थी जाऊन बसतो, त्या बाजूस तो बहुधा जन्मभर राहतो. अशा समाजाला, विज्ञानाची पदवी आणि जागतिक अभ्यासाची पदवी एकत्र देणारा अभ्यासक्रम परदेशांत चालतो, हे ऐकून प्रथम नवल वाटते आणि पाठोपाठ शंका येते की, हा ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ असा प्रकार तर नसेल?

शंका रास्त आहे. मुलाच्या परदेशी शिक्षणासाठी घर गहाण टाकणाऱ्या पालकाने तर ती अवश्य घ्यावी. म्हणून या जोडपदवीची वीण प्रथम तपासून पाहिली पाहिजे. ऑस्ट्रेलियात अशा जोडपदव्यांची प्रथा चांगली रुळलेली असून मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाने विज्ञान आणि जागतिक अभ्यास यांची अशीच सांगड घातली. तेथील साधी पदवी तीन वर्षांची. दोन पदव्या एकीमागून एक घ्यावयाच्या तर सहा वर्षे लागतील. एकत्र घेतल्यास चार पुरतात. ही दोन वर्षे वाचतात ती ऐच्छिक विषयांच्या जागेतून. प्रत्येक पदवीत विद्यार्थ्याच्या मर्जीवर सोडलेली जी जागा असते, ती दुसऱ्या पदवीच्या आवश्यक विषयांनी भरली जाते. रसायन, भौतिकी किंवा जीवशास्त्र यांपैकी निवडलेल्या मुख्य विषयाचा गाभा कायम राहतो. त्याच्या शेजारी आंतरराष्ट्रीय राजकारण, मानवी हक्क, विकासाचे अर्थकारण आणि परकी भाषा येऊन बसतात. याची किंमत अर्थातच मोजावी लागते. इकडेतिकडे रमण्याची मोकळीक उरत नाही. आणि ज्याला विज्ञानात संशोधनच करावयाचे आहे, त्याला ‘ऑनर्स’चे आणखी एक वर्ष द्यावे लागते. हा हिशेब आधी मांडूनच पाऊल उचलावे.

ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ ओळखले जाते, ते सर जॉन मोनॅश स्वतः अभियांत्रिकी, कला आणि कायदा या तिन्ही विद्यांचे पदवीधर होते, आणि पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ मध्ये, ऑस्ट्रेलियन सैन्यदलाचे नेतृत्व त्यांनीच केले. तथापि थोरांची उदाहरणे देऊन कोणताही अभ्यासक्रम सिद्ध होत नाही. खरा प्रश्न हा की, जगाला अशा दुहेरी तयारीच्या माणसांची गरज आहे काय? आमचे उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे.

ओझोनचेच प्रकरण घ्या. शीतकपाटांत वापरल्या जाणाऱ्या वायूंतील क्लोरीन वातावरणातील ओझोनचा नाश करील, हे रोलंड आणि मोलिना या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दाखवून दिले. १९८५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी दक्षिण ध्रुवावर त्याचा प्रत्यक्ष पुरावा मांडला आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. परंतु कोणता रेणू घातक आहे हे रसायनशास्त्राने सांगितले, तरी तो रेणू सोडून देण्याचा खर्च कोणी सोसावा, हे त्याने सांगितले नाही. तो वाद वाटाघाटींच्या मेजावर लढला गेला. ज्यांनी हा वायू फारसा वापरलाच नाही, अशा गरीब राष्ट्रांना दहा वर्षांची सवलत मिळाली. पुढे १९९० मध्ये लंडन येथे त्यांच्या साहाय्यासाठी निधी ठरला आणि त्यानंतरच, १९९२ मध्ये, भारत करारात सामील झाला. त्या मेजावर रसायन न जाणणारा मुत्सद्दी फसला असता. आणि राष्ट्राराष्ट्रांतील विषमता न जाणणारा रसायनशास्त्रज्ञ निमूटपणे सही करून परतला असता.

दुसरे उदाहरण आपल्या स्वयंपाकघरातले. जखमेवर हळद लावण्याच्या उपायाला अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट देण्यात आले! डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करविले. हळद गुणकारी आहे हे सिद्ध करण्यासाठी ही लढाई नव्हती. ते तर पेटंटधारकांनाही मान्य होते! हे ज्ञान जुने आहे, हे परक्या देशाच्या कायद्याला मान्य होईल अशा लेखी पुराव्याने दाखवावयाचे होते, आणि त्यासाठी संस्कृत ग्रंथांपासून वैद्यकीय नियतकालिकांपर्यंत सारे धुंडाळावे लागले. प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि न्यायासन यांच्यामधली वाट ज्यांना चालता येते, अशीच माणसे ही लढाई जिंकू शकतात. लसींचे पेटंट, हवामानाचे करार, नद्यांच्या पाण्याची वाटणी, या सर्व रणांगणांवर आज हीच गरज आहे. आपल्या परराष्ट्र मंत्रालयालाही २०२० मध्ये नव्या तंत्रज्ञानासाठी स्वतंत्र विभाग उघडावा लागला, तो उगाच नव्हे.

असे विद्वान आपल्याकडे झालेच नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी हजारो प्राचीन नाण्यांची वजने करून संख्याशास्त्राच्या आधारे इतिहासाला बोलते केले. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा यांनी १९५५ मध्ये जिनिव्हा येथील संयुक्त राष्ट्रांच्या अणुशक्ती परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. परंतु ही माणसे आपल्या प्रतिभेच्या बळावर भिंती ओलांडून गेली. प्रतिभावंताला वाट लागत नाही. वाट लागते ती सामान्य हुशारीच्या, मेहनती मुलाला. ती आखून देणे हेच विद्यापीठाचे कार्य होय.

आपल्याकडे या दिशेने हालचाल झाली आहे, हे मान्य केले पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधील कडक विभागणी नको असे स्पष्ट म्हटले, आणि २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांचा अभ्यास करण्यास मुभा दिली. परंतु मुभा म्हणजे योजना नव्हे. सकाळी एका महाविद्यालयात भौतिकी आणि दुपारी दुसऱ्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकून येणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती दोन प्रमाणपत्रे येतील. त्या दोन विद्यांची गाठ त्याच्या डोक्यात कोण घालून देणार? दोन्हीकडच्या अध्यापकांनी एकत्र बसून, एकच प्रश्न दोन्ही अंगांनी विद्यार्थ्यापुढे मांडला तरच ती गाठ बसते. जोडपदवी आणि जोडविद्या यांत जो फरक आहे तो हाच.

म्हणून आमचे मागणे दोघांकडे आहे. मुंबई आणि पुणे विद्यापीठांनी परदेशी अभ्यासक्रमांची केवळ नावे उसनी न घेता, विज्ञानाचा गाभा अभंग ठेवून जागतिक अभ्यासाची सुसूत्र जोड देणारा चार वर्षांचा अभ्यासक्रम स्वतः उभारावा. दुष्काळ, साथी, सागरकिनारा असे विषय महाराष्ट्रात पावलोपावली हात जोडून उभे आहेत. आणि पालकांनी, परदेशी असो वा देशी, अभ्यासक्रमाच्या भारदस्त नावाला न भुलता आधी तीन गोष्टी विचाराव्यात : विज्ञानाचा मुख्य विषय अखेरच्या वर्षापर्यंत शिकविला जातो काय? परकी भाषा खरोखर शिकविली जाते काय? आणि दोन्ही विद्या एकत्र येतील असा एखादा प्रकल्प विद्यार्थ्याला करावा लागतो काय? तिन्हींचे उत्तर होकारार्थी आले, तर मुलाला अवश्य पाठवावे. न आले, तर त्या पदवीच्या दोन कागदांपेक्षा एका विषयाचे पक्के ज्ञान शतपटींनी मोलाचे आहे, हे ध्यानात ठेवावे.