गाणं थांबतं कुठे, ते आधी ठरवा

भोर तालुक्यातलं शिंद हे बाजीप्रभू देशपांड्यांचं गाव. हिरडस मावळातल्या या माणसावर मराठीत किती गाणी झाली, त्याची मोजदाद नाही. जुलै 1660 मध्ये पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना खिंडीत झालेली लढाई प्रत्येक शाहिराला खुणावते. नवा शाहीर बहुधा जन्मापासून सुरुवात करतो, पोवाड्याच्या चार चौकांत पन्हाळ्यालाही पोहोचत नाही आणि वही मिटते.

कुसुमाग्रजांनी याच बाजींवर गीत लिहिलं तेव्हा त्यांनी जन्म, घराणं, पन्हाळ्याचा वेढा सगळं बाजूला ठेवलं. उरला एकच क्षण. देहाची चाळण झालेला वीर आपल्या प्रभूला विचारतो, हे रण कधी संपणार? गाणं तिथून हलत नाही. हृदयनाथ मंगेशकरांची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज लाभून ते 1974 च्या ‘शिवकल्याण राजा’त आलं. सावरकरांनी बाजींवर पोवाडा रचला. पोवाड्यात कथा सांगायची असते, त्यामुळे त्याचा पल्ला मोठा. दोन्ही रचना पुऱ्या झाल्या, कारण कुठे थांबायचं ते दोघांनाही ठाऊक होतं.

पोवाड्याच्या घडणीतच थांबण्याची ही सोय आहे. आधी नमन, मग प्रसंगागणिक चौक, मुख्य शाहिराची ओळ उचलायला झीलकरी, साथीला डफ, तुणतुणं आणि झांज. शेवटी कवीची नाममुद्रा. ती आली की पोवाडा संपला, पुढे एक ओळही जोडायची नाही.

उपलब्ध पोवाड्यांत सर्वांत जुना मानला जातो तो अज्ञानदासाचा, अफजलखानाच्या वधावरचा. ती घटना 10 नोव्हेंबर 1659 ची. त्या काळी शिवाजी महाराजांची राजधानी वेल्हे परिसरातल्या राजगडावर होती. अज्ञानदासाने विषय एकच धरला, खानाची स्वारी आणि तिचा शेवट. सोन्याचा तोडा आणि घोडा बक्षीस मिळाल्याचं पोवाड्यातच नोंदलं आहे. ऐकणारा ठरलेला, प्रसंग ठरलेला, म्हणून शेवटही ठरलेला.

मुदत नसली की गाणं रेंगाळतं.

‘गीतरामायणा’ची 56 गाणी 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला एक अशी वाजली. प्रसारणाचा वार कुणासाठी थांबणारा नव्हता. ग. दि. माडगूळकर लिहीत, सुधीर फडके चाल बांधत, गायक-वादक तालीम करत आणि गाणं वेळेवर हवेत जाई. एवढ्या घाईतली ही गाणी आजही घराघरांत गायली जातात. घाईने गाणं बिघडतं ही समजूत त्यामुळे खोटी ठरते.

भोर-वेल्ह्यातल्या शाळा-कॉलेजांतल्या मुलांकडे विषयांचा तुटवडा नाही. राजगड, तोरणा, रोहिडा दारात आहेत, आणि धरणात गेलेल्या गावांच्या आठवणी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे आहेत. त्यांनी एकच प्रसंग निवडावा. शेवटची ओळ आधी लिहावी. गावच्या यात्रेची किंवा शिवजयंतीची तारीख धरावी आणि त्या दिवशी डफावर थाप मारून गाणं लोकांसमोर म्हणावं. शिक्षकांनी आणि यात्रा कमिट्यांनी त्यासाठी दहा मिनिटं राखून ठेवावीत.