दारातला ट्रक

दारी हत्ती झुलणे हा मराठीतला वैभवाचा जुना वाक्प्रचार. जबलपूरच्या रांझी, अधारताल, गढा यांसारख्या वस्त्यांत रात्री उशिरा एखाद्या घरासमोर येऊन थांबणारा ट्रक आकाराने हत्तीहून मोठाच असतो. परंतु तो त्या घराचे वैभव मात्र नसतो. बहुधा तो त्या घरातल्या माणसाच्या मालकीचाही नसतो. महिन्यातून मोजक्या रात्री घरी पोहोचणाऱ्या चालकाने दुसऱ्याची लाखो रुपयांची वस्तू सांभाळण्यासाठी ती आपल्या उशाशी आणून ठेवलेली असते. शेजाऱ्यांना सकाळी दिसते ती मात्र अडलेली गल्ली. मग बोलाचाली होतात, पोलिसांना बोलावले जाते, दंडाची पावती फाटते आणि आठ-पंधरा दिवसांनी ट्रक पुन्हा तेथेच उभा राहतो. हा प्रकार केवळ जबलपूरचा नाही. ज्या शहरात मालवाहतूक आहे आणि चालकांची घरेही आहेत, त्या प्रत्येक शहरात तो आढळतो.

शेजाऱ्यांची तक्रार क्षुल्लक नाही, हे प्रथम मान्य करावे लागते. सहा मीटर रुंदीच्या गल्लीत अडीच मीटर रुंदीचा ट्रक उभा राहिला की साडेतीन मीटर उरतात. समोरच्या बाजूस एखादी मोटार उभी असली, की ते अंतर पावणेदोन मीटरांवर येते. अग्निशामक दलाच्या बंबाला सुमारे अडीच मीटर रुंदीची वाट लागते. घरात आग लागलेली असताना किंवा रुग्णवाहिका बोलावलेली असताना ट्रकच्या चालकाला झोपेतून उठवून, किल्ली शोधून, ट्रक मागे घेईपर्यंत जो वेळ जातो, त्याची भरपाई कोणत्याही दंडाने होत नाही. उंच केबिनमध्ये बसलेल्या चालकाला अगदी पुढ्यातले आणि पाठीमागचे लहान मूल दिसत नाही, ही गोष्टही तितकीच गंभीर आहे. उभा ट्रक मुलांना लपाछपीची जागा वाटतो, तोच ट्रक पहाटे हलतो.

रस्त्याचे नुकसान हा आणखी एक भाग. अमेरिकेत १९५८ ते १९६० या काळात झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीतून एक ढोबळ नियम हाती आला. आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सुमारे सोळापट होते. भारतात २०१८ पासून दोन आसांच्या ट्रकला एकूण १८.५ टन वजनाची मुभा आहे आणि त्यातील साडेअकरा टन मागच्या एका आसावर येऊ शकतात. वस्तीतला रस्ता मोटारी आणि दुचाकी यांच्या हिशेबाने केलेला असतो. त्याखालची पाण्याची नळवाहिनी आणि गटाराच्या झाकणाची चौकट यांनी असा भार पेलावा, ही अपेक्षाच चुकीची आहे. घरी आलेला ट्रक पुष्कळदा रिकामा असतो, हे खरे. पण भाडे भरून निघालेला चालक वाटेत एक रात्र घरी उतरतो, तेव्हा तो भरलेला असतो.

पहाटेच्या आवाजाविषयीही लोक चिडतात आणि त्यात चालकाचा उर्मटपणा पाहतात. येथे मात्र थोडे यंत्र समजून घेणे आवश्यक आहे. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. रात्रभर उभ्या असलेल्या ट्रकच्या टाकीतली हवा हळूहळू कमी होते. इंजिन सुरू करून कॉम्प्रेसरने ती पुन्हा भरल्याशिवाय ट्रक हलवणे सुरक्षित नसते. दाब कमी असेपर्यंत केबिनमध्ये इशाऱ्याचा भोंगा वाजत राहतो. म्हणून चार वाजता निघणारा चालक पावणेचारला इंजिन सुरू करतो. शेजाऱ्याची झोप मोडते हे निर्विवाद. पण त्या वेळी तो माणूस नियमाप्रमाणेच वागत असतो. दोष इंजिन सुरू करण्यात नाही, ते जेथे सुरू करावे लागते त्या जागेत आहे.

ट्रक घरी आणला जातो तो का? चालकाला खेपेवर पैसे मिळतात. डिझेल, बॅटरी, जादा चाक, ताडपत्री यांपैकी काही चोरीला गेले तर मालक त्याचा हिशेब बहुधा चालकाशीच करतो. शहराबाहेर, दिवा नसलेल्या रस्त्याच्या कडेला ट्रक सोडून घरी जाणे म्हणजे महिन्याची कमाई उघड्यावर ठेवणे होय. त्यातच बहुतेक शहरांत दिवसा अवजड वाहनांना प्रवेश नसतो. त्यामुळे चालक शहरात पोहोचतो तो रात्री, जेव्हा बस मिळत नाही आणि रिक्षावाला मागेल ते भाडे द्यावे लागते. ट्रक घरापर्यंत नेला तर हा सगळा खर्च वाचतो. मालकालाही तेच सोयीचे असते. त्याला जागेचे भाडे नाही, रखवालदाराचा पगार नाही. चालक हा त्याचा बिनपगारी रखवालदार असतो. किंबहुना गल्लीतला ट्रक म्हणजे मालकाने आपल्या धंद्याचा जो खर्च वाचवला, त्याचे रस्त्यावर उभे असलेले रूप आहे. तो खर्च शेजारी गैरसोयीच्या रूपाने भरतात आणि चालक शिव्यांच्या.

जबलपूरच्या बाबतीत या गोष्टीला एक विशेष अर्थ आहे. हे शहर रस्त्यांचे आणि वाहनांचे आहे. १९ व्या शतकात मिर्झापूरहून दक्षिणेकडे जाणारा मोठा रस्ता येथून जात असे. त्या काळी वाटसरूंना रात्रीचा मुक्काम हेच सर्वांत मोठे भय वाटे, कारण ठगांच्या टोळ्या मुक्कामावरच घात करीत. त्यांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमनचे नाव या शहराशी कायमचे जोडले गेले आहे. १८७० मध्ये मुंबई आणि कोलकाता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपूरलाच पुरा झाला. १९०४ मध्ये येथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला. त्याच कारखान्यात १९५९ पासून सैन्यासाठी ‘शक्तिमान’ ट्रक तयार होऊ लागले आणि १९६९ मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र वाहन कारखाना उभा राहिला. रांझीची वस्ती अशाच कारखान्यांच्या आधाराने वाढली. ट्रक बनवणाऱ्या हातांसाठी सरकारने कामगार-वसाहती बांधल्या, शाळा आणि दवाखाने काढले. ट्रक चालवणाऱ्या हातांना मात्र रात्री तो कोठे ठेवावा हे अजून विचारावे लागते.

शहराने काहीच केले नाही असे नाही. चंडालभाटा येथे ट्रान्सपोर्ट नगर आहे. तेथे वाहतूकदारांची कार्यालये आहेत, गोदामे आहेत, माल चढतो आणि उतरतो. अशी नगरे देशभर झाली. मुंबईत वडाळ्याला ट्रक टर्मिनल आहे, पिंपरी-चिंचवडमध्ये निगडीची ट्रान्सपोर्टनगरी आहे. पण ही नगरे आखताना मालाचा विचार झाला, माणसाचा फारसा झाला नाही. रांझीत राहणाऱ्या चालकाने मध्यरात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला ट्रक लावावा, तेथून वाहन शोधत घरी यावे आणि पहाटे तीनला पुन्हा तसेच जावे, असे त्यात गृहीत धरलेले असते. घरची रात्र पाच तासांची असेल, तर त्यातले दोन तास या येण्याजाण्यात खर्च करायला कोण तयार होईल?

पूर्वीच्या गावांना हे अधिक नीट कळत होते असे वाटते. पुण्याच्या हडपसरला आजही एका भागाला गाडीतळ म्हणतात. बैलगाड्या पेठेच्या अरुंद गल्ल्यांत शिरू नयेत म्हणून गावाच्या कडेला त्यांना तळ दिलेला असे. तेथे बैलांना पाणी मिळे, गाडीवानाला चूल मांडता येई, आणि तळ वस्तीपासून चालत जाण्याइतका जवळ असे. बैलगाडी गेली, नाव राहिले; ट्रकसाठी मात्र तसा तळ बहुतेक गावांनी पुन्हा केला नाही.

कायद्याची बाजू पाहिली तर हाच एकांगीपणा दिसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ सांगते की वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने ते सार्वजनिक जागी धोका, अडथळा किंवा गैरसोय होईल अशा रीतीने उभे ठेवू नये. ताबा रात्री कोणाकडे असतो? चालकाकडे. म्हणजे पकडला जाणारा तोच. त्याच कायद्याचे कलम ११७ वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याविषयी आहे; तेथे शासनाला स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून अशा जागा ठरवता येतील, एवढेच म्हटले आहे. एका कलमात बंधन आहे, दुसऱ्यात मुभा आहे, आणि बंधन पडले आहे ते दोघांतल्या दुबळ्यावर. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने रात्रीच्या मुक्कामाच्या जागी विश्रांतीची खोली देण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती. पण तो लागू होता पाच किंवा अधिक कामगार असलेल्या संस्थांना. देशातले बहुसंख्य ट्रकमालक एक-दोन किंवा चार-पाच गाड्यांचे धनी आहेत. कायदा होता, परंतु रस्त्यावरचे कितीतरी चालक त्याच्या कक्षेबाहेरच राहिले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली आहे.

चालकाची समाजातली पायरी कोणती, हे जानेवारी २०२४ मध्ये मध्य प्रदेशातच उघड झाले. अपघातानंतर पळून जाणाऱ्या चालकासाठी नव्या न्याय संहितेत दहा वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद झाली होती, तिच्याविरुद्ध चालकांनी चाके थांबवली. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. शाजापूरला जिल्हाधिकाऱ्यांनी बोलावलेल्या बैठकीत एका चालकाला, तुझी लायकी काय, असा प्रश्न विचारला गेला. त्याचे चित्रण सर्वत्र पसरले आणि मुख्यमंत्र्यांनी दुसऱ्याच दिवशी त्या अधिकाऱ्याला पदावरून हलवले. ती तरतूदही पुढे स्थगित ठेवण्यात आली. त्याच वर्षी फेब्रुवारीत महामार्गांवर चालकांसाठी पहिल्या टप्प्यात एक हजार विश्रांतिगृहांची घोषणा झाली, आणि २०२५ मध्ये नव्या ट्रकांची केबिन वातानुकूलित असणे सक्तीचे झाले. ही पावले स्वागतार्हच आहेत. तथापि ती सगळी घरापासून दूर असलेल्या चालकासाठी आहेत. घराजवळ आलेल्या चालकाला घरापर्यंत पोहोचवण्याचा विचार त्यांत नाही.

अन्य देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहण्यासारखे आहे. जर्मनीत साडेसात टनांवरची वाहने निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत, तसेच रविवारी व सुटीच्या दिवशी नियमितपणे उभी करण्यास मनाई आहे. ब्रिटनची पद्धत अधिक मुळाशी जाते. तेथे मालवाहू वाहनांच्या धंद्याचा परवाना मागणाऱ्या मालकाला, काम नसताना आपली वाहने कोठे उभी राहतील ती जागा आधीच दाखवावी लागते. जागा पुरेशी नसेल तर परवाना मिळत नाही, आणि आसपासच्या रहिवाशांना त्या जागेविषयी आपले म्हणणे मांडता येते. म्हणजे भांडण गल्लीत मध्यरात्री होत नाही, परवाना देण्यापूर्वी कार्यालयात होते, आणि ते मालकाशी होते.

भारतात हाच मार्ग स्वीकारणे योग्य ठरेल. परवाना देताना उभे करण्याची जागा मालकाने दाखवावी. ट्रक वस्तीत सापडला तर पावती मालकाच्या नावाने फाटावी. यावर एक आक्षेप रास्त आहे. पुष्कळ ठिकाणी चालकच मालक असतो, ट्रक कर्जाचा असतो आणि हप्ता थकला तर तोही जातो. त्याच्याकडून जागेचा पुरावा मागणे म्हणजे त्याला धंद्यातून उठवणे होईल. म्हणूनच जागा देण्याची जबाबदारी नगरपालिकेने आधी उचलली पाहिजे, मनाई नंतर.

ही जबाबदारी अवाढव्य नाही. मोठ्या ट्रकला वळायला आणि उभे राहायला मिळून शंभर चौरस मीटर धरले, तर एक एकरात चाळीस ट्रक मावतात. शहराच्या एका टोकाला पन्नास एकरांचे भव्य नगर बांधण्यापेक्षा रांझीसारख्या प्रत्येक मोठ्या वस्तीच्या कडेला, मुख्य रस्त्यालगत, एक-दोन एकरांचा तळ अधिक उपयोगी पडेल. तेथून घर पायी दहा-पंधरा मिनिटांवर असावे. कुंपण, दोन उंच दिवे, पाण्याचा नळ, स्वच्छतागृह आणि फाटकावर रात्रभर जागा राहणारा एक माणूस, एवढे पुरे. त्या माणसाने ट्रक आत येताना डिझेलचा काटा, बॅटरी, जादा चाक यांची नोंद वहीत करावी आणि चालकाला सहीची पावती द्यावी. मग रात्री काही चोरीला गेले, तर मालकाने पैसे कापण्यापूर्वी चालकाच्या खिशात दाखवायला तो कागद असेल.