साक्षरता पुरे, आता सल्ला द्या

चेन्नईच्या जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर, आयटी कंपन्यांच्या इमारती आणि पल्लीकरणैची दलदल यांच्यामध्ये पेरुंगुडी वसली आहे. जानेवारी २०२२ च्या आरंभी इथल्या एका सदनिकेत बँकेत नोकरी करणाऱ्या गृहस्थाने पत्नी आणि दोन मुलांना मारून स्वतःचेही जीवन संपवले. ऑनलाइन जुगारापायी झालेले कर्ज हे कारण तेव्हाच्या बातम्यांत आले. पुढे तमिळनाडूत बंदीवर कडाक्याची चर्चा झाली. कर्जात रुतलेल्या माणसाने वेळेत कोणाकडे जायचे, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. त्याचे उत्तर माझ्या मते एकच आहे: प्रत्येक वस्तीत कर्जसल्ल्याचे विनामूल्य केंद्र. यावर तीन आक्षेप हमखास येतात.

पहिला आक्षेप असा की कायदे भरपूर आहेत, ते राबवा म्हणजे झाले. कायदे आहेत, हे खरे. अव्वाच्या सव्वा व्याजाविरुद्ध तमिळनाडूने २००३ मध्येच कायदा केला. ऑनलाइन जुगारावर न्यायमूर्ती के. चंद्रू यांची समिती नेमली, अध्यादेश काढला, राज्यपालांनी परत पाठवलेले विधेयक २०२३ मध्ये पुन्हा मंजूर केले. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाने रमी आणि पोकर त्यातून वगळले. अखेर २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. पण बंदीने उद्याचा जुगार थांबतो, कालचे कर्ज फिटत नाही. वसुली एजंटाने सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँक सांगते. हा नियम घाबरलेल्या माणसाला कोण समजावणार? आणि समजला, तरी त्याची खरी अडचण वेगळीच असते. क्रेडिट कार्ड, सोनेतारण, बचत गटाचा हप्ता, मोबाइल ॲपचे कर्ज, शिवाय गल्लीतला सावकार, यांतल्या कोणाला आधी द्यायचे? एकटा पडलेला माणूस सर्वांत मोठ्याने ओरडणाऱ्याला आधी देतो, म्हणजे बहुधा ॲपवाल्याला. तोवर गहाण पडलेले मंगळसूत्र लिलावात जाते, घरभाडे थकते. हा क्रम लावून देणे कोणत्याही कलमाला जमत नाही. त्याला समोर बसलेला जाणकार माणूसच लागतो.

दुसरा आक्षेप: लोकांना आर्थिक साक्षर करा, सल्ला लागणारच नाही. पेरुंगुडीतला तो गृहस्थ बँकेत काम करत होता. व्याज कसे चढते हे त्याला कोणी शिकवायला हवे होते का? साक्षरतेचा उपयोग कर्ज घेण्याआधी; गळ्याशी आल्यावर व्याख्यान कामाचे नसते. रिझर्व्ह बँकेला हे एकेकाळी कळले होते. २००९ च्या तिच्या योजनेत साक्षरतेबरोबर कर्जदारांचे समुपदेशनही होते. २०१२ च्या सूचनांनंतर केंद्रे नुसती वित्तीय साक्षरतेची झाली आणि शिबिरांवर भर आला. शिबिरात शंभर लोकांसमोर आपले कर्ज कोण सांगेल?

तिसरा आक्षेप सर्वांत जोरात येतो: अशाने लोक कर्ज बुडवायला शिकतील. कंपन्यांच्या बाबतीत हा युक्तिवाद कोणी करत नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने थकलेल्या कंपनीला व्यावसायिक, न्यायाधिकरण आणि वाटाघाटीची रीतसर मुदत दिली. त्याच संहितेत गरिबांसाठीही नव्या सुरुवातीची तरतूद आहे: वार्षिक उत्पन्न साठ हजारांपर्यंत, कर्ज पस्तीस हजारांपर्यंत. साध्या कर्जदारांसाठी ती अजून बासनातच आहे. चेन्नई आणि मुंबईतल्या सामान्य माणसाच्या दिवाळखोरीला आजही १९०९ चा कायदा लागतो. वास्तविक सल्लागार हप्ता परवडेल एवढा करून घेतो, तेव्हा सावकाराचाही पैसा वसूल होतो. माणूस पळाला किंवा मेला, तर कोणाच्याच हाती काही लागत नाही. हे इंग्रज सरकारलाही उमगले होते. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यातून सावकारांविरुद्ध दख्खनचे दंगे पेटले, आणि १८७९ च्या शेतकरी कायद्यात सलोखा घडवणाऱ्या मध्यस्थांची सोय करावी लागली.

मग केंद्र कसे असावे? बँकांनी काढलेले नसावे. ज्याचे देणे आहे त्याच्याच दारात कोणी मोकळेपणाने बोलत नाही. ते कर्ज देणार नाही, विमा विकणार नाही, कमिशन घेणार नाही. महापालिकेने जागा द्यावी, विधी सेवा प्राधिकरणाने वकील द्यावा. १९८७ च्या कायद्यानुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, हे किती जणींना ठाऊक आहे? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते. ती लिहून द्यायला कोणी हवे. पेरुंगुडीसारख्या ठिकाणी केंद्र रात्री उघडे राहिले पाहिजे, कारण सुरक्षारक्षक, चालक आणि डिलिव्हरीवाले यांना दिवसा सवड नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२१ पासून कर्जदाराला साठ दिवसांची उसंत मिळते. त्या काळात बहुतेक व्याज, दंड आणि वसुली थांबते. तिथे पोचायचा मार्ग कर्ज सल्लागारामार्फतच जातो. सल्ला आणि कायदा यांची अशी सांगड आपल्याकडेही घालता येईल.

महाराष्ट्राला यासाठी नव्या इमारती बांधाव्या लागणार नाहीत. महिला आर्थिक विकास महामंडळाची लोकसंचालित साधन केंद्रे राज्यभर आहेत. बचत गटांना कर्ज मिळवून देण्याचा अनुभव त्यांच्याकडे आहे. कर्जातून बाहेर काढण्याचे कामही त्यांच्याकडे सोपवा आणि त्यासाठी प्रशिक्षित, पगारी सल्लागार नेमा. पुण्यातल्या खराडीसारख्या शहरी भागात तेच काम पालिकेच्या कार्यालयातून होऊ शकते. पुढच्या पालिका अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरसेवकाकडे एवढी एक मागणी करा: प्रभागात एक खोली, एक टेबल, एक पगारी सल्लागार.