गाणं आधी म्हणून बघा

गाणी लिहू पाहणाऱ्या सगळ्यांना माझी एक कळकळीची विनंती आहे. गाणं लिहून झालं की कोणाला पाठवण्याआधी ते मोठ्याने म्हणा. दार लावून म्हणा, गच्चीवर जाऊन म्हणा. चाल सुचली नसेल तर मांडीवर ठेका धरून म्हणा. जिथे जीभ अडखळते किंवा दम पुरत नाही, ती ओळ कागदावर कितीही देखणी दिसो, गाण्यात ती टिकायची नाही. हल्ली वाचायला मिळणारी बरीच नवी गीतं नुसत्या डोळ्यांनी लिहिलेली वाटतात. भावना खरी असते, शब्दही चांगले असतात, पण ते तोंडातून गेलेलेच नसतात.

‘सुचतच नाही’ ही तक्रार फार ऐकू येते. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा गदिमांना दर आठवड्याला नवं गीत द्यावं लागे आणि सुधीर फडक्यांना त्याला चाल. वर्षभरात छप्पन्न गीतं झाली. गदिमांची प्रतिभा आपल्याकडे नसेल, पण ठरल्या दिवशी गाणं हातावेगळं करायची शिस्त कोणालाही लावून घेता येते. आठवड्याला एक गाणं पुरं करा. वाईट झालं तरी पुरं करा.

आणि कान उघडे ठेवा. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर काम करता करता त्यांना गाणी सुचली आणि सोपानदेवांसारख्या घरच्या माणसांनी ती उतरवून घेतली, म्हणून आपल्याला मिळाली. जात्याची घरघर हाच त्या ओव्यांचा ताल. अशा ओव्या गावोगावच्या बायकांनी रचल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्यांतल्या कितीतरी ऐकायला मिळतात. रोज दहा मिनिटं ऐका. सासर, भाऊ, पाऊस, मरण, सगळं किती साध्या बोलीत आणि किती थोडक्यात मावतं ते कळेल.

थोडक्यात मावणं अंगवळणी पाडायला मोठ्या अभंगासारखी तालीम नाही. सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. जोडाक्षर एकच मोजायचं. समजा, दुष्काळावर लिहायचं आहे. पहिल्या झटक्यात येतं : ‘आमच्या गावातली विहीर पूर्ण कोरडी पडली आहे.’ ही बातमी झाली. आता ती मापात बसवू :

विहीर आटली, पोहरा वाजला,
गाव हा जागला, थेंबासाठी.

‘पूर्ण कोरडी’ला जागाच उरली नाही, म्हणून दुसरं काही शोधावं लागलं आणि खडकावर आपटणारा पोहरा सापडला. भरल्या विहिरीत पोहरा असा वाजत नाही. मापाने अडवलं नसतं तर हा आवाज ऐकूच आला नसता. ओळी काही थोर नाहीत, पण अडचणीतून सुचतं कसं, ते इथे दिसतं. गझलेकडे ओढा असेल तर सुरेश भटांची ‘गझलेची बाराखडी’ मिळवून वाचा. नवोदितांना वृत्त, काफिया, रदीफ नीट कळावेत म्हणून त्यांनी ती मुद्दाम लिहिली.

चालीवर लिहायलाही लाजू नका. मुखडा आणि अंतरा स्वच्छ कळतो असं एखादं आवडतं गाणं घ्या, त्यातले शब्द काढून टाका आणि त्या जागी आपले बसवा. हा फक्त सराव. ते गाणं आपलं म्हणून मिरवायचं नाही. दादऱ्याच्या सहा मात्रांत काय बसतं आणि केहरव्याच्या आठांत काय, ते असंच कळतं. समेवर कोणता शब्द येतो ते बघा. ओळीतला वजनदार शब्द तिथे पडला तर ऐकणाऱ्याला तो लागतो. ‘आणि’, ‘पण’ पडले तर ठोका वाया जातो. लांब सूर जिथे लावायचा असेल तिथे ‘घर’, ‘रात’ असे मिटणारे शब्द ठेवताना विचार करा. ‘घरा’, ‘राती’ म्हटलं की गळ्याला मोकळी जागा मिळते.

शेवटचं म्हणजे, आपलं गाणं दुसऱ्याच्या तोंडून ऐका. आपण स्वतः म्हणताना नकळत सांभाळून घेतो. जवळच्या भजनी मंडळात जाऊन बसा, पेटीवाल्या काकांशी ओळख करून घ्या आणि एखाद्या दिवशी भजन आटोपल्यावर कागद त्यांच्या हातात द्या. अर्थ समजावून सांगू नका, चालही सुचवू नका. ते कुठे थांबतात, कोणता शब्द बदलून म्हणतात, तिथे पेन्सिलने खूण करा आणि घरी येऊन पहिल्यांदा तेवढ्याच जागा दुरुस्त करायला घ्या.