भंगाराच्या लिलावाआधी पांबनचा उघडता गाळा वाचवा



रामेश्वरला जाणाऱ्या गाड्यांसाठी नवा पांबन पूल ६ एप्रिल २०२५ रोजी खुला झाला. शेजारच्या जुन्या पुलावरची वाहतूक डिसेंबर २०२२मध्येच थांबली होती आणि तो उतरवण्याची पावलेही रेल्वेने उचलली आहेत. तमिळनाडूतल्या पुलाची चिंता वडशाच्या वाचकाने का करावी, असे कोणी विचारेल. पण निकामी ठरलेल्या रेल्वेचे काय करायचे, हा प्रश्न आपल्याही दाराशी आहे. नागपूर–नागभीड नॅरोगेज नोव्हेंबर २०१९मध्ये बंद झाली आणि तिच्या जागी ब्रॉडगेजचे काम हाती घेतले गेले. जुना पूल काढावा लागणार असेल तर जरूर काढावा. मात्र जहाजांना वाट देणारा त्याचा उघडता गाळा तुकडे न करता, त्याच किनाऱ्यावर, यंत्रणेसह उभा ठेवावा, आणि हा निर्णय भंगाराच्या लिलावाआधी व्हावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

जहाज आले की पुलाने वाट कशी द्यायची, याची उत्तरे अभियंत्यांनी निरनिराळी शोधली. स्विंग पूल मधल्या खांबावर आडवा फिरतो. सुएझ कालव्यावरचा २००१ सालचा ३४० मीटर गाळ्याचा अल फरदान रेल्वेपूल त्या जातीतला सर्वांत लांब. २०१५मध्ये शेजारून दुसरा कालवा खणला गेला आणि यंत्र धडधाकट असताना त्याचे रूळ पुढे जायचे थांबले. पांबनला शिकागोच्या शेर्झर कंपनीची रचना निवडली गेली. तिच्यात गाळ्याच्या दोन पाकळ्या असतात. प्रत्येक पाकळीची टाच कमानीसारखी गोल असते, ती मागे लोळत जाते, मागचे वजन खाली येते आणि पुढचे टोक वर उठते. तोल असा साधलेला, की शेकडो टनांची पाकळी माणसे हातांनी दांडे फिरवून उघडत. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी सुरू झालेला हा दोन किलोमीटरहून लांब पूल डिसेंबर १९६४च्या वादळात उद्ध्वस्त झाला, बहुतेक गर्डर समुद्रात गेले, पण हा उघडता गाळा टिकला. रेल्वे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला, तो वाचलेल्या खांबांच्या आणि या गाळ्याच्या आधारानेच. नव्या पुलाचा ७२.५ मीटरचा गाळा सरळ वर उचलला जातो. त्याचे तत्त्वच वेगळे, त्यामुळे जुन्याचे तंत्र नव्यात जिवंत राहिलेले नाही. लोळणारी टाच, ती जिच्यावर लोळते ती पट्टी, मागचे वजन आणि दांडे एकत्र पाहिल्याशिवाय ते कळतही नाही. छायाचित्रे काढून ठेवली म्हणजे भागले, हे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही.

खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजते आणि समुद्रातले जुने खांब जहाजांना अडसर ठरू शकतात, हा आक्षेप खरा आहे. म्हणूनच सगळा पूल पाण्यात उभा ठेवा, असे मी म्हणत नाही. जमिनीवर आणलेल्या दोन पाकळ्यांना रंग देणे आणि त्यांची निगा राखणे रेल्वेला जड नाही. नागपूरच्या मोतीबागेत २००२पासून नॅरोगेजचे संग्रहालय रेल्वेच चालवते. फरक इतकाच, की इंजिन कुठेही नेले तरी ते इंजिनच राहते. पुलाचा अर्थ मात्र त्याच्या पाण्यापासून तोडता येत नाही.

दुसरा आक्षेप आपल्याकडचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याला इतकी वर्षे वडसा हे एकच स्थानक. वडसा–गडचिरोली मार्गाकडे लोक डोळे लावून बसलेले. अशा वेळी जुन्या लोखंडावर पैसा कशाला? दोन्ही खर्चांची तुलना होऊ शकत नाही हे उघड आहे, पण उत्तर तेवढेच नाही. पांबनवर समुद्र ओलांडण्याइतका पैसा ब्रिटिश सरकारला सापडला, कारण पलीकडे सिलोन होते. गाडी धनुष्कोडीपर्यंत, तिथून आगबोट तलैमन्नारला, असा टपालाचा, व्यापाराचा आणि मळ्यांकडे जाणाऱ्या मजुरांचा तो रस्ता होता. त्याच काळात बंगाल नागपूर रेल्वेने गोंदिया–नागभीड (१९०८) आणि पुढे चांदा फोर्टपर्यंत (१९१३) जी लाइन टाकली, ती अडीच फुटी नॅरोगेज. या जंगलमुलखाला स्वस्तातली गाडी पुरेशी मानली गेली आणि ब्रॉडगेज मिळायला १९९०चे दशक उजाडावे लागले. रेल्वे कोणासाठी आणि कशासाठी टाकली गेली, याचा पुरावा या जुन्या बांधकामांतच आहे. अधिक रेल्वे मागणाऱ्या जिल्ह्याने तो पुरावा भंगारात जाऊ देणे म्हणजे आपलीच बाजू लंगडी करणे.

रेल्वे मंडळाने पांबनच्या दोन्ही पाकळ्या लिलावातून वगळाव्यात. नागपूर–नागभीड मार्गावरही जुन्या पुलांचे जे अवशेष असतील त्यांची मोजमापे घ्यावीत, मूळ नकाशे जपावेत आणि एखादा लहान गाळा नागभीड स्थानकाच्या आवारात, त्याच्या बांधणीची माहिती मराठीत लावून, ठेवावा. आपल्या लोकप्रतिनिधींनी या मार्गाच्या कामाविषयी रेल्वेकडे पत्रव्यवहार करताना ही मागणीही लेखी नोंदवावी.

आपला,
एक वाचक
वडसा (देसाईगंज), जि. गडचिरोली